अकरा महिने आणि मेथीचा वाफा

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सांगली.

सकाळी अजितकुमार हळदीच्या सौद्याला जाण्याआधी चहाला आला. माझा धाकटा भाऊ, वय अडुसष्ट. हात धुवायला परसात गेला आणि हात न धुताच परतला.

"आक्का, ती कसतीया!"

"आधी कर्ता सांग, मग कर्म सांग, मग घाबर," मी म्हटले.

"तुझी वरची म्हातारी! परसात वाफा केलाय तिनं. मेथी हाय, वांगी हायत. तू खिडकीतनं काय बघत असतीस?"

वरची म्हातारी म्हणजे भामाबाई. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर जानेवारीपासून तिचा मुलगा धनाजी, सून सोनम आणि ती असे तिघे राहतात. धनाजी पशुसंवर्धन खात्यात कारकून आहे, सोनम एका रुग्णालयात परिचारिका. माणसे म्हसवडकडची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेली.

अजितकुमारच्या भीतीचे मूळ समडोळीच्या शेतात आहे. १९५७ साली कूळकायद्याने ते शेत ते कसणाऱ्याचे झाले. वडिलांनी कायद्याला दोष दिला नाही, कुळालाही दिला नाही. मात्र आम्हा भावंडांना एक नियम घालून दिला: कोणालाही अकरा महिन्यांवर एक दिवस ठेवायचे नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी वरचा मजला भाड्याने देऊ लागले तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी माणसे बदलत आली आहेत. वस्तुतः महाराष्ट्रात करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावाच लागतो, त्यामुळे अकरा या संख्येत बारापेक्षा अधिक संरक्षण नाही. हे मला ठाऊक आहे. तरीही नियम तो नियम.

"ही बिगरशेती जागा आहे," मी म्हटले. "इथे कूळ लागत नाही."

"ती मेथी तुला देती का?"

"जुडी देते. प्रत्येक खुडणीला."

अजितकुमार मटकन खुर्चीत बसला. "म्हंजे खंड घेतलास! आक्का, तू खंड घेतलास!"

मेथीची जुडी हा खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा मोबदला, होतो काय, यावर आम्ही चहा निवेपर्यंत वाद घातला. निष्कर्ष: होत नाही. तथापि या महिनाअखेरीस करार संपतो, तेव्हा नूतनीकरण करू नये यावर एकमत झाले. त्याने एक बँक मॅनेजर हेरून ठेवले आहेत. आपल्यातलेच, जैन, कांदासुद्धा न खाणारे.

दुपारी मेथीची भाजी केली. कोवळी होती. याचा वरील प्रश्नाशी संबंध नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर.

प्राचीचा फोन. प्राची म्हणजे अजितकुमारची कन्या. चार वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. तिच्या घरमालकाने पत्र पाठवले आहे: घर "कुटुंबाच्या गरजेसाठी" हवे, तीन महिन्यांत सोडावे.

मी तिला तेथील कायदा विचारून घेतला. तेथे भाडेकराराला बहुधा मुदतच नसते. भाडेकरू भाडे देतो आणि नीट राहतो, तोवर मालकाला त्याला उठवता येत नाही. उठवायचे तर कायद्याला पटेल असे कारण लेखी द्यावे लागते. भाडेकरूंच्या संघटना असतात, त्यांना वर्गणी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो. उलट रविवारी भिंतीला भोक पाडायचे नाही, कारण शेजाऱ्याचा शांततेचा हक्क मालकापेक्षाही मोठा.

"आणि आत्या, मी घरात आले तेव्हा स्वयंपाकघरात नुसत्या भिंती होत्या. इथं ओटा, सिंक, कपाटं भाडेकरूनंच आणायची, आणि जाताना घेऊन जायची."

ओटा घेऊन जायचा! मी हे अजितकुमारला सांगितले. त्याला ओट्याचे काही वाटले नाही.

"चार वर्षं भाडं वेळेवर दिलंय पोरीनं," तो फोनवर कडाडला, "आणि असं उठवतो व्हय तो? थंडीच्या दिवसांत? माणुसकी काय हाय का न्हाई त्या गड्याला?"

मी त्याच्याशी पूर्णपणे सहमत झाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

सकाळी धनाजीला द्यायच्या सूचनेचा मसुदा केला. तीन वाक्ये. कारण दिले नाही. आपल्याकडे मुदत संपणे हेच कारण असते. मसुदा निर्दोष आहे.

दुपारी भामाबाई खाली आली. तिचे म्हणणे, वरच्या माजघरात छताला एक लोखंडी कडी बसवून द्यावी किंवा बसवू द्यावी.

"कशासाठी?"

"असू द्या की आक्का. कडी काय खायला मागती व्हय?"

मी करारातले नववे कलम वाचून दाखवले: भिंतीस अथवा छतास खिळा, कडी, आकडा ठोकता येणार नाही. कांदे टांगायचे असावेत, असा माझा कयास आहे. तसे असल्यास सहाव्या कलमाकडेही लक्ष वेधणे मला भाग होते. त्यात मांस व अंडी यांबरोबर कंदमुळेही वर्ज्य आहेत.

"व्हय व्हय, कंद न्हाई," भामाबाई म्हणाली. "मुळा न्हाई, बटाटा न्हाई. मग तुमच्या भावाचा धंदा कशाचा हो? हळद काय झाडाला लागती?"

वाळलेल्या हळकुंडाचे प्रकरण निराळे आहे, हे मी तिला समजावून सांगितले. ती लय शांतपणे ऐकत होती. (हा शब्द माझ्या लेखनात कसा शिरला कळत नाही. राहू द्यावा.)

शनिवार, १५ नोव्हेंबर.

प्राचीसाठी युक्तिवाद पूर्ण केला. तो असा:

घरमालक म्हणतो, घर कुटुंबाच्या गरजेसाठी हवे. परंतु कोणाच्या? काय गरज? हे पत्रात नाही. ज्याचा आधारच सिद्ध नाही तो हेतू नव्हे, हेत्वाभास. दुसरे असे की, घर ही वस्तू असली तरी राहणे ही वस्तू नव्हे. माणूस जेथे राहतो तेथे त्याचा दूधवाला, त्याचा दवाखाना, त्याच्या खिडकीतले ऊन ठरलेले असते. मालकाने हे निर्माण केलेले नाही, म्हणून निव्वळ मालकीच्या बळावर ते त्याला मोडता येणार नाही. तिसरे असे की, मोडण्याने होणारा त्रास मालकाच्या सोयीपेक्षा जड असेल, तर सोयीने थांबावे.

प्राचीने उत्तर पाठवले: "आत्या, भारी! इथल्या वकीलबाईसुद्धा हेच म्हणाल्या. पहिला मुद्दा तर तंतोतंत. एक विचारू? वरच्या लोकांना तुम्ही काय कारण दिलंय?"

मी कळवले, येथील कायदा निराळा आहे.

येथे नोंदवून ठेवते: साताऱ्यात महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असताना मी एकोणतीस वर्षे एकाच खोलीत भाड्याने राहिले. मालकीणबाई तानुबाई यांनी एकदाही करार मागितला नाही. परंतु तेही प्रकरण निराळे. का निराळे, ते उद्या सविस्तर लिहीन.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

सूचना स्वतः वर नेऊन दिली. दारात सोनम होती. तिने ती वाचली, घडी घातली आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "बरं, आक्का," एवढेच म्हणाली. हल्ली ती जिना चढताना कठडा धरते. मी कठडा हलवून पाहिला, पक्का आहे.

भामाबाईची प्रतिक्रिया मात्र अनपेक्षित होती. मी आक्षेपांची उत्तरे तयार ठेवली होती. तिने आक्षेपच घेतला नाही.

"उठायचं न्हवं? उठू की. अकरा म्हैनं म्हंजे लय झालं. आमी एका रानात पाच राती काढल्या तरी मेंढरांचं पाय खाजवायला लागायचं. दिवाळी झाली की माणदेशातनं निघायचं, पावसाच्या तोंडाला माघारी."

"मग आपण राहत होतात कोठे?"

"लोकांच्या रानात. पीक निघालं की मालक सांगावा धाडायचा, मेंढरं बसवा म्हणून. भोवतीनं जाळ्याची वाघूर लावायची, रातभर मेंढरं बसायची. लेंडी पडती, मूत पडतंय, रान खतावतंय."

"आणि भाडे?"

भामाबाईने पदर तोंडाला लावला. मग पदराआड हसली. "आवं आक्का, भाडं कसलं? मालक आमाला द्यायचा! रातीच्या हिशेबानं जवारी. जो बसंल त्याला मालकानं द्यायचं."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मालकाच्या जागेवर जो मुक्काम करतो, त्याला मालकच मोबदला देतो. कारण मुक्कामाने जागेचे भले होते. ही पद्धत ऊसपट्ट्यापर्यंत सर्वत्र रूढ आहे आणि मी चौऱ्याहत्तर वर्षे तिच्या मध्यावर राहत आहे.

तुलनेसाठी मांडून पाहिले. स्टुटगार्टात भाडेकरू जाताना ओटा नेतो. सांगलीत ओट्यावर काय शिजावे हे मालक ठरवतो. माणदेशच्या माणसांना मालकच शिधा पोचवतो. यांपैकी दोन पद्धती परदेशी आहेत. कोणत्या दोन, हे ठरवणे मला आज जमले नाही.

साताऱ्याच्या खोलीविषयी लिहायचे राहिले.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

उद्या म्हसवडला सिद्धनाथाचा रथ आहे. तिघेही दुपारी गेले, चार दिवसांनी येतील. एरवी एस.टी.ने जाणारी ही माणसे या वेळी भाड्याच्या जीपने गेली. धनाजीने चालकाला दोनदा बजावले, "खड्ड्यातनं सावकाश रं." घर बदलायच्या महिन्यात असा खर्च मला समजला नाही. सोनमसाठी मागे उशीही ठेवली होती. चैनीची सवय लवकर लागते.

भामाबाईने जाताना वाफ्याला पाणी घालायला सांगितले. हे माझ्या कर्तव्यात बसत नाही, असे मी कळवले.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

वाफ्याला पाणी घातले.

वरून पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज येत नाही, त्यामुळे वाचनात लक्ष लागेल असे वाटले होते. लागले नाही. बहुधा चष्म्याचा नंबर बदलला आहे.

भाजी एका माणसापुरती करताना मीठ जास्त पडते.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

आली. जीप थांबण्याआधीच भामाबाईचा आवाज: "आक्का, वांग्याला फूल आलं न्हवं?"

संध्याकाळी सोनम प्रसाद घेऊन खाली आली. प्राची व्हिडिओवर होती, तिने सोनमला पडद्यावर पाहिले आणि ओरडली, "वहिनी! अभिनंदन! कितवा?"

"सातवा," सोनम लाजून म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी जीप, उशी, कठडा आणि कडी या चार गोष्टी एका ओळीत लावत होते. धुरावरून अग्नीचे अनुमान मी तीन पिढ्यांना शिकवले. येथे धूर रोज जिना चढत-उतरत होता आणि मी कठडा तपासत होते.

सोनम वर गेल्यावर प्राची म्हणाली, "आत्या, तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

"माझे लक्ष कराराकडे होते."

मग मी वर गेले. भामाबाई भांडी पोत्यात भरत होती. धनाजीने जागा पाहिली आहे: तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी एक दिवसाआड. बाळंतपण माहेरी का नाही, असे मी विचारले.

"आई न्हाई तिला," भामाबाई म्हणाली. "मीच करणार. तीन म्हयन्यांत समदं होतंय. मेंढरामागं वाटंवर बाळंत झालेली मी. दुसऱ्या दिशी चाललो आमी."

"आणि कडी पाळण्याची होती."

"पाळणा आत्ताच बांधायचा नस्तो. कडी तेवढी असू द्यावी म्हटलं. असू द्या. तिकडं बगू."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला खंडन करता आले असते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

प्राचीची बातमी: मालकाने पत्र मागे घेतले. गरज कोणाची, हे वकीलबाईंनी विचारताच त्याला सांगता आले नाही. अजितकुमार पेढे घेऊन आला.

"कायदा पायजे तर असा! ऊठ म्हटलं की उठायचं, ही काय रीत झाली?"

"पेढे वर देऊन ये," मी म्हटले. "आणि सांग, राहायचे असेल तर राहा."

त्याच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आक्का, बँक मॅनेजरला शब्द दिलाय मी. रविवारी बघायला येणार हायत ते. काय सांगू?"

"सांग, मालकिणीला जागा स्वतःच्या गरजेसाठी हवी आहे."

"तू तर खाली राहतीस! वर तुझी कसली गरज?"

प्रश्न रास्त होता. गरज कोणाची आणि काय, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय हेतू सिद्ध होत नाही, असे मीच जर्मनीला लिहून पाठवले होते. अजितकुमार थांबला होता. तो सहसा थांबत नाही.

"मेथी," मी म्हटले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग परसाकडे पाहिले. "बाबांचा नियम, आक्का..."

"बाबांनी नियम कुळासाठी केला होता. पाळण्याच्या कडीविषयी ते काही बोलल्याचे मला आठवत नाही. तुला आठवते?"

"न्हाई," तो म्हणाला. मग पेढा खाऊन टाकला. "पर मॅनेजरला फोन तूच कर. मला त्या गड्याचं तोंड बघवणार न्हाई."

मी फोन केला. ते गृहस्थ कांदा खात नाहीत, परंतु बोलतात पुष्कळ.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

अडचण अशी की, वर जाऊन मी "राहा" म्हटले, तरी ती मंडळी थांबायला तयार नाहीत.

"उठायचं ठरलं की उठायचं," भामाबाई म्हणाली. "मालकानं एकदा हलवलं, मग त्याच रानात बसलं तर मिंधं व्हावं लागतं."

"पण मीच विनंती करते आहे."

"आता दया आली म्हून. सुनंचं पोट बगितलं म्हून. दयेवर आमी न्हाई बसत, आक्का. राग नगा मानू."

धनाजी मध्ये पडला, "आये, आक्का एवढं म्हणत्यात तर..." तिने त्याला नुसत्या नजरेने गप्प केले.

मी जिना उतरले. माझा कोणताही युक्तिवाद येथे लागू पडेना. जर्मन कायदा भामाबाईसारख्या भाडेकरूला हक्क देतो, तो तिने मागितलेला नाही. आपला कायदा मला हक्क देतो, तो मला नको आहे. राहिली तिसरी पद्धत.

साताऱ्यात तानुबाई दर संक्रांतीला माझ्या खोलीत डबाभर गूळ ठेवून जात. मी दर वर्षी विचारी, हा कशाबद्दल? त्या म्हणत, "तुमी हाय, म्हून." ते प्रकरण निराळे होते असे मी लिहिले होते. आता त्यात निराळे काय होते ते शोधते आहे, तर सापडत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर.

आज करार संपला.

सकाळी कोठीतली ज्वारी पाखडली, खडे वेचले, पिशवीत भरली आणि वर नेली. पिशवी जड होती. दोनदा जिन्यावर थांबले. कठडा खरोखरच उपयोगी आहे.

पोती बांधून दाराशी लावली होती. सोनम पुढे धावली, "आक्का, तुमी कशाला उचललं? हे काय?"

मी पिशवी भामाबाईच्या पुढ्यात ठेवली. तिने पिशवीचे तोंड उघडले, मूठ भरून घेतली, दाणे बोटांमधून पिशवीत गळू दिले, एक दाणा दाताखाली फोडला. दाणा पारखून घेण्याची ही रीत असावी.

"बसायचं?" तिने विचारले.

"बसा," मी म्हटले. "रान खतावते आहे."

ती हसली नाही. व्यवहार चालू होता. "किती रातीचं हाय हे?"

"मोजलेले नाही."

"संपल्यावर?"

"पुन्हा पाखडीन."

तिने पिशवीचे तोंड बांधले आणि सुनेकडे पाहिले. "सोड गं पोती."

प्राचीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती इतकी हसली की पलीकडे तिचा शेजारी भिंतीवर ठोठावू लागला. तेथे रविवारी तेही चालत नाही. येथे मात्र धनाजी कोठून तरी ड्रिल मशीन घेऊन आला आणि ऐन दुपारी, माझ्या वामकुक्षीच्या मध्यात, नवव्या कलमाचा भंग करीत त्याने छताला भोक पाडले. पुष्कळ आवाज झाला. हादऱ्याने थोडा गिलावा खाली माझ्या खोलीतही पडला.

मी डोळे मिटून पडून राहिले, आणि भोक नीट खोल जाते आहे ना, हे कान देऊन ऐकत होते.